ओतावालोचा शनिवारचा बाजार व भोंवतालचीं कारागीर गांवें

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनें अँडीज नांवाचा जो प्रचंड पर्वत गेला आहे, त्याच्या उंच खोऱ्यांत शेती व हातकाम हीं दोन्ही एकाच घरांत नांदविणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक्वादोर देशांतील ओतावालो हें गांव व त्याच्या शेजारचीं खेडीं एका दिवसांत पाहून होण्यासारखीं आहेत. आपण पिकवितों तो बटाटा मूळचा याच पर्वतांतला. तेव्हां तेथील कुणब्याची ओळख करून घेणें आपणांस अगदींच अप्रस्तुत नाहीं.

राजधानी कितोपासून ओतावालो उत्तरेस सुमारें ९० किलोमीटर आहे. वाटेंत विषुववृत्त ओलांडावें लागतें. परंतु गांवाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें २,५०० मीटर असल्यामुळें हवा थंड असते. समोर इम्बाबुरा हा ४,६०० मीटरांहून उंच असा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. त्याच्या उतारावर मका व घेवडा यांचें मिश्र पीक घेतात. मक्याच्या ताटावरच घेवड्याचा वेल चढवितात. बटाटा व किन्वा हींही पिकें आहेत.

शनिवारचा बाजार मोठा. उजाडण्याच्या सुमारास प्रथम गुरांचा बाजार भरतो. गाई, मेंढ्या, डुकरें, कोंबड्या यांखेरीज कुय नांवाचा सशाहून लहान प्राणी तेथें विकावयास येतो. तो घरांतच गवतावर पाळतात व सणासुदीस खातात. हा व्यवहार मुख्यतः शेतकऱ्या-शेतकऱ्यांतला असून दुपारपूर्वींच आटोपतो. नंतर गांवांतील मोठ्या चौकांत व सभोंवारच्या रस्त्यांवर कापडाचीं दुकानें लागतात. पोंचो म्हणजे मधोमध डोकें घालण्यापुरती चीर ठेवलेलें जाड पांघरूण. तें, तसेंच शाली, कमरपट्टे, पिशव्या व टोप्या यांचे ढीग मांडलेले असतात. पुरुषांची लांब वेणी व पांढरी विजार, स्त्रियांचें भरतकाम केलेलें पोलकें व गळ्यांतील सोनेरी मण्यांच्या माळा, हा पेहराव त्यांनीं आजही टाकलेला नाहीं.

गिऱ्हाइकानें येथें घासाघीस करावी अशीच रीत आहे. मात्र माल पारखून घ्यावा. आतां पुष्कळसा माल यंत्रावर विणलेला व कृत्रिम धाग्याचा असतो. धाग्याचें टोंक जाळल्यास लोकरीस जळक्या केसांसारखा वास येतो, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गांठ होते.

बाजारांतून निघून पेगुचे या खेड्यांत गेलें म्हणजे माग पाहावयास मिळतात. लोकर धुणें, पिंजणें, कांतणें व रंगविणें हीं कामें घरांतील माणसें वांटून घेत आलीं आहेत. अक्रोडाच्या जातीच्या झाडापासून तपकिरी, निळीपासून निळा व निवडुंगावरील किड्यापासून लाल रंग काढण्याची जुनी रीत आहे. मागाचे दोन प्रकार आहेत. एक कमरेचा माग. त्याचें एक टोंक खांबास व दुसरें विणणाराच्या कमरेस बांधलेलें असतें. हा त्या लोकांचा मूळचा. पायांनीं चालवावयाचा माग व मेंढी हीं स्पॅनिश लोकांनीं आणलीं. तत्पूर्वीं तेथें कापूस विणीत.

पुढें इलुमान गांवीं लोकर दाबून टोप्या करतात. कोताकाची येथें चामड्याचें काम चालतें. तेथील रस्त्यावर जिकडे तिकडे जोडे, पट्टे व पिशव्या दिसतात. आणखी उत्तरेस इबाऱ्याजवळ सान आंतोनिओ हें लांकडी कोरीवकामाचें गांव आहे. परततांना सान पाब्लो सरोवर लागतें. त्याच्या कांठची लव्हाळ्यासारखी तोतोरा वनस्पती कापून व वाळवून तिच्या चटया विणतात.

एवढें पाहून, हे लोक प्रथमपासून असेच सुखवस्तु असतील असें कोणास वाटेल. पण वस्तुस्थिति निराळी आहे. सोळाव्या शतकांत स्पॅनिश अंमल आल्यावर यांच्या विणकामाचें कसबच यांच्या गळ्याचा फांस झालें. ओब्राहे नांवाच्या कारखान्यांत त्यांस सक्तीनें बसवून लोकरी कापड विणवून घेत व तें दूरदूर पाठवीत. हळूहळू जमीनही मोठ्या जमीनदारांच्या हातीं गेली. मग हुआसिपुंगो ही पद्धत रूढ झाली. किचवा भाषेंत या शब्दाचा अर्थ घराचें दार असा आहे. जमीनदारानें झोंपडीपुरता व थोड्या मक्यापुरता तुकडा वहिवाटीस द्यावा आणि त्याबद्दल कुळानें आठवड्यांतील बहुतेक दिवस त्याच्या शेतांत राबावें, असा हा प्रकार होता. तुकड्यावर कुळाचा मालकी हक्क मुळींच नसे. कर्जाबद्दल तुरुंगांत घालण्याची चाल १९१८ सालीं बंद झाली; परंतु हुआसिपुंगो कायद्यानें नष्ट होण्यास १९६४ साल उजाडावें लागलें.

विशेष हें कीं ओतावालोच्या विणकरांनीं त्या कायद्याची वाट पाहिली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं विलायती लोकरी कापडाच्या तोडीचें कापड ते घरच्या मागावर विणूं लागले व स्वतः नेऊन विकूं लागले. आलेला पैसा सांठवून त्यांनीं जमिनीचे तुकडे एकेक करून विकत घेतले. जॉन कोलिअर व आनिबाल बुइत्रोन यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या खरेदीचें वर्णन आहे. कसब तेंच, हातही तेच. फरक एवढाच कीं माग, लोकर व विक्री हीं तिन्ही आतां विणणाराच्या स्वाधीन होतीं. ज्या कामानें बापजाद्यांस बांधून ठेवलें, त्याच कामानें नातवांच्या नांवें जमीन आली.

अडचणी संपल्या आहेत असें नाहीं. मुलगे व मुली या सर्वांस वांटणी मिळत असल्यामुळें जमिनीचे तुकडे फार लहान झाले आहेत. खातेफोडीचीं प्रकरणें ज्यानें कचेरींत हाताळलीं आहेत, त्यास हें दुखणें ओळखीचें वाटेल. यंत्राच्या स्वस्त मालापुढें हातमागास टिकाव धरणें कठीण जातें. पुष्कळ कुटुंबें व्यापाराकरितां युरोप व उत्तर अमेरिकेपर्यंत जातात, आणि माग सोडून केवळ दुकानदारी करणारेही वाढले आहेत. २०२० सालच्या महामारींत परदेशी प्रवासी येईनासे झाले, तेव्हां केवळ त्यांच्यावर विसंबून राहणें किती धोक्याचें आहे हेंही दिसून आलें.

तथापि शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावी अशी गोष्ट येथें आहे. जोडधंदा करा, हा उपदेश आपण नेहमींच ऐकतों. परंतु कच्चा माल एकाचा, हत्यार दुसऱ्याचें व गिऱ्हाईक तिसऱ्याचें असेल, तर तो धंदा म्हणजे निराळ्या नांवाची मजुरीच होय. जोडधंद्यास हात घालण्यापूर्वीं माल कोण विकणार व पैसा कोणाच्या हातीं पडणार, याचा निकाल प्रत्येकानें आधीं लावावा.