खसखशीएवढी गोचीड आणि सुजलेले गुडघे

गाईच्या कानामागे किंवा कुत्र्याच्या मानेवर चिकटून बसलेली गोचीड तुम्ही पाहिलीच असेल. तिचे पाय कधी मोजलेत का? ते आठ असतात. म्हणजे गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू यांची नातेवाईक. अशाच एका चिमुकल्या गोचिडीने अमेरिकेतील डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. त्याची ही हकिगत.

कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील मुलांचे गुडघे एकाएकी सुजू लागले. डॉक्टरांनी 'लहान मुलांचा संधिवात' असे निदान केले. पण हा संधिवात तर क्वचित आढळणारा आणि न पसरणारा! मग एकाच परिसरात इतकी मुले आजारी कशी? हा प्रश्न पॉली मरे या गृहिणीला पडला आणि १९७५ साली तिने तो आरोग्य खात्यापुढे मांडला.

येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टिअर यांनी तपास सुरू केला. त्यांना ५१ रुग्ण आढळले; त्यांपैकी ३९ मुले होती. बहुतेकांची घरे झाडीजवळ होती आणि आजार बहुधा उन्हाळ्यात सुरू झाला होता. काहींना आधी अंगावर पसरत जाणारा तांबडा चट्टा उठला होता. असा चट्टा गोचीड चावल्यावर उठतो, हे युरोपातील डॉक्टरांना ठाऊक होते. संशय गोचिडीवर गेला. पण जंतू कोणता? १९८१ साली विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्री आकाराचे जीवाणू दिसले. त्यांच्या सन्मानार्थ या जीवाणूला 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' हे नाव मिळाले.

गंमत अशी, की अंड्यातून निघालेल्या पिल्लात हे जीवाणू नसतात. सहा पायांचे ते पिल्लू बहुधा रानउंदराचे रक्त पिते आणि उंदरातील जीवाणू त्याच्या पोटात जातात. कात टाकल्यावर त्याला आठ पाय येतात. खसखशीच्या दाण्याएवढे हे पिल्लूच माणसाला चावते आणि कळतही नाही!

मात्र चावताक्षणी रोग होत नाही. जीवाणू गोचिडीच्या आतड्यात असतात. रक्त मिळू लागल्यावर ते वाढतात, लाळग्रंथीकडे जातात आणि मग लाळेतून आपल्या शरीरात उतरतात. या प्रवासाला सामान्यतः एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. हाच वेळ आपला मित्र!

म्हणून झाडीतून फिरून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागचा भाग आणि केस तपासावेत. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने तिला त्वचेलगत धरून सरळ वर ओढावे. तिच्यावर रॉकेल ओतू नये, काडीने चटकाही देऊ नये. त्यामुळे ती अधिक लाळ सोडण्याचा संभव असतो. नंतर जागा साबणाने धुवावी.

चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो. सोबत ताप व थकवा येतो. या वेळी रक्ततपासणी फसवी ठरू शकते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून डॉक्टर चट्टा पाहूनच उपचार सुरू करतात. डॉक्सिसायक्लीनसारख्या प्रतिजैविकाने दोन-तीन आठवड्यांत बहुतेक रुग्ण बरे होतात. दुर्लक्ष झाल्यास मात्र सांधे, चेतातंतू आणि हृदय यांना इजा पोहोचते.

आपल्याकडील गोचिडीही निरुपद्रवी नाहीत. 'भारतीय गोचीड ताप' हा जीवाणूंमुळे होतो व त्यावरही डॉक्सिसायक्लीन चालते. सिंधुदुर्ग आणि गोव्यात आढळलेला क्यासनूर जंगल ताप मात्र विषाणूजन्य आहे. त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी. काही रोगांचे जंतू लाइमच्या जीवाणूंहून लवकर शरीरात शिरतात. म्हणून गोचीड दिसताच काढावी आणि पुढे ताप आल्यास 'मला गोचीड चावली होती' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लाइमचे कोडे सुटण्याची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. 'इतकी मुले एकाच ठिकाणी आजारी का?' असे एका आईने विचारले, तेथून झाली. तुम्हीही असे प्रश्न विचारायला कचरू नका!