घरी शंका, परदेशी खात्री

न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजात फी नव्हती. त्यामुळे स्थलांतरित ज्यू कामगारांची हुशार मुले तिथे गर्दी करत. १९३०च्या दशकाच्या शेवटी कॉलेजच्या कॅफेटेरियातल्या पहिल्या कोनाड्यात स्टॅलिनविरोधी डावे बसत, दुसऱ्यात स्टॅलिनचे पाठीराखे, आणि दोघांत सतत खडाजंगी चाले. पहिल्या कोनाड्यातला एक तरुण ट्रॉट्स्कीवादी म्हणजे अर्व्हिंग क्रिस्टल. पुढे त्यालाच ‘निओकॉन’ विचारांचा, म्हणजे नव्या पुराणमतवादाचा, जनक मानले गेले. अमेरिकेतल्या एका उजव्या पंथाचा उगम असा डाव्यांच्या अड्ड्यात झाला, आणि पुराणमतवादाच्या जुन्या घराण्यातल्या परंपरावाद्यांनी ही गोष्ट कधी नजरेआड केली नाही.

या जुन्या घराण्याचा मूळ पुरुष ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क. फ्रेंच क्रांतीवर १७९०मध्ये लिहिताना त्याने बजावले की, समाज पिढ्यान्‌पिढ्या घडत जातो. कोणाच्या तरी डोक्यातल्या आराखड्याप्रमाणे तो पाडून नव्याने बांधता येत नाही. हाच बर्क बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्याविरुद्धच्या महाभियोगात आघाडीवर होता. हिंदुस्थानातल्या जुन्या व्यवस्था आणि रीतिरिवाज ईस्ट इंडिया कंपनीने पायदळी तुडवले, हा त्याचा संताप होता. त्याने मांडलेल्या आरोपांत मराठ्यांशी झालेले युद्ध आणि तह यांवरही एक स्वतंत्र कलम होते. हेस्टिंग्ज १७९५मध्ये निर्दोष सुटला, ते असो. परक्या मुलखात जाऊन तिथली घडी विस्कटू नये, हा आग्रह मात्र जुन्या पुराणमतवादात मुरला. रसेल कर्कने १९५३च्या ‘द कन्झर्व्हेटिव्ह माइंड’ या पुस्तकातून बर्कचा वारसा अमेरिकन वाचकांपुढे ठेवला.

विसाव्या शतकातल्या अमेरिकन उदारमतवाद्यांचा भरवसा सरकारवर होता. रूझवेल्टच्या न्यू डीलपासून लिंडन जॉन्सनच्या ग्रेट सोसायटीपर्यंत त्यांची धारणा एकच: दारिद्र्य हा सोडवता येण्याजोगा प्रश्न आहे, पैसा आणि कायदा योग्य जागी लागला की झाले. क्रिस्टल आणि डॅनियल बेल यांनी १९६५मध्ये ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे त्रैमासिक काढले ते हीच धारणा तपासायला. त्यातले लेखक आकडेवारी घेऊन विचारत, की गरिबांसाठी आखलेल्या या योजनेचे प्रत्यक्षात काय झाले? उत्तर पुष्कळदा असे, की भलतेच झाले. तरीही न्यू डील मोडीत काढा, असे ते म्हणत नव्हते. बॅरी गोल्डवॉटरसारख्या रिपब्लिकन नेत्यांना सरकारच आक्रसून हवे होते. क्रिस्टल मंडळींना कल्याणकारी राज्य मान्य होते, फक्त त्याचा फाजील आत्मविश्वास खटकत होता. समाजवादी लेखक मायकेल हॅरिंग्टनने १९७३मध्ये त्यांना ‘निओकॉन्झर्व्हेटिव्ह’ हे नाव चिकटवले ते टोमणा म्हणून. क्रिस्टलने ते खुशाल मिरवले.

सोव्हिएत संघाच्या प्रश्नावर ही मंडळी डेमोक्रॅटिक पक्षापासून तुटत गेली. त्यांतल्या जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७९मध्ये ‘कॉमेंटरी’ मासिकात लिहिलेला लेख रेगन यांना इतका पटला, की त्यांनी कर्कपॅट्रिक यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमले. गंमत अशी, की लोकशाही कुठेही, केव्हाही उभी करता येते, या समजुतीची त्या लेखात खिल्लीच होती. लोकशाही रुजायला दशके, कधी शतके लागतात, हे त्यांचे म्हणणे बर्कनेही मान्य केले असते.

पुढच्या पिढीने हा धडा गुंडाळून ठेवला. क्रिस्टलचा मुलगा विल्यम आणि रॉबर्ट केगन यांनी १९९७मध्ये एक दबावगट स्थापला. इराकमध्ये सद्दामला सत्तेवरून हटवा, अशी मागणी करणारे त्याचे पत्र १९९८मध्ये क्लिंटन यांच्याकडे गेले. सही करणाऱ्यांत पुढे धाकट्या बुश यांच्या सरकारात संरक्षण उपमंत्री झालेले पॉल वुल्फोविट्झ होते. इराकवरच्या हल्ल्याच्या विरोधात उदारमतवादी झाडून होते, असेही नाही: ऑक्टोबर २००२मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी परवानगी दिली, त्यात २९ डेमोक्रॅट होते. मात्र पुष्कळ उदारमतवाद्यांना संयुक्त राष्ट्रांची संमती महत्त्वाची वाटे. निओकॉनना ती लोढणे वाटे. धोक्याची घंटा वाजवली ती उजवीकडच्या जुन्या मंडळींनीही. थोरल्या बुश यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून हल्ला करू नका म्हणून सांगितले, तर पॅट ब्युकॅनन यांनी सहकाऱ्यांसह ‘द अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह’ हे वेगळे नियतकालिकच काढले.

हल्ल्यानंतर मे २००३मध्ये अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी बगदादेत एका हुकुमाने इराकी सैन्य बरखास्त केले. लाखो शस्त्रशिक्षित माणसे एका रात्रीत बेकार झाली. न्यू यॉर्कमधली गरीब वस्ती सरकारी योजनेने सुधारेल का, याबद्दल ज्या पंथाला इतकी शंका, त्याला अडीच कोटींचा देश बाहेरून घडवण्याची एवढी खात्री कशी वाटली? एकेकाळी याच गोटातल्या फ्रान्सिस फुकुयामा यांनी २००६मध्ये नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवून फारकत घेतली. त्यांचे निदान बरोबर होते, पण उशिरा आले.

फेब्रुवारी २०१६मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी इराक युद्ध ही घोडचूक होती, असे रिपब्लिकन श्रोत्यांच्या तोंडावर सांगितले, आणि आठवड्याभरात तिथली प्राथमिक निवडणूक जिंकली. विल्यम क्रिस्टलने १९९५मध्ये सुरू केलेले ‘द वीकली स्टँडर्ड’ हे निओकॉनांचे मुख्य साप्ताहिक डिसेंबर २०१८मध्ये बंद पडले.