मसल कार दुर्मीळ कशामुळे ठरते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्यम आकाराच्या, सर्वसामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या गाडीत मोठ्या मोटारीसाठी घडवलेले आठ सिलिंडरांचे ताकदवान इंजिन बसवण्याची पद्धत अमेरिकेत १९६४ च्या पाँटियॅक जीटीओपासून रूढ झाली आणि अशा गाड्या पुढे ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांतील मोजक्या गाड्यांना आज लिलावात प्रचंड किमती मिळतात व त्याचे कारण म्हणून त्यांच्या दुर्मीळतेकडे बोट दाखवले जाते. परंतु ही दुर्मीळता कशी निर्माण झाली, याविषयी काही गैरसमज घट्ट रुजलेले आहेत.

गैरसमज : गाडी जुनी असली की ती दुर्मीळ असते.

वस्तुस्थिती : वय आणि दुर्मीळता यांचा थेट संबंध नाही. फोर्ड मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आली आणि दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच तिचे उत्पादन दहा लाखांवर गेले, त्यामुळे त्या काळातील साधी मस्टँग आजही सहज मिळू शकते. खुद्द जीटीओसुद्धा पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून अधिक खपली. दुर्मीळता बहुधा संपूर्ण मॉडेलची नसते, तर इंजिन, छताचा प्रकार आणि गिअरपेटी यांच्या एखाद्या विशिष्ट जुळणीची असते.

गैरसमज : कंपन्यांनी प्रतिष्ठा वाढवण्यासाठी मुद्दाम थोड्याच गाड्या बनवल्या.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा ही संख्या ग्राहकांच्या मागणीने ठरली. प्लिमथ कंपनीची ‘हेमी कुडा’ हे याचे ठळक उदाहरण होय. ‘हेमी’ म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्ष असलेले ४२६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटर क्षमतेचे इंजिन. ते मुळात शर्यतीसाठी विकसित झाले होते आणि १९७० मध्ये कुडा गाडीत ते घ्यायचे तर सुमारे ८७० डॉलर, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीच्या जवळपास चौथ्या भागाइतकी रक्कम, वेगळी मोजावी लागे. ज्याला वेग हवा होता तो हलकी, पक्क्या छताची गाडी पसंत करी, तर ज्याला दुमडत्या छताची कन्व्हर्टिबल हवी होती त्याला इतक्या महागड्या इंजिनाची गरज वाटत नसे. दोन्ही एकत्र मागणारे इतके थोडे निघाले की हेमी कुडा कन्व्हर्टिबल १९७० मध्ये १४ आणि १९७१ मध्ये अवघ्या ११ बनल्या. त्या अकरांपैकी एक २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

गैरसमज : आज अनमोल ठरलेल्या गाड्या त्या काळीही हातोहात खपल्या असतील.

वस्तुस्थिती : यांतील कित्येक गाड्या विक्रेत्यांच्या अंगणात पडून राहिल्या. जनरल मोटर्सच्या नियमानुसार तिच्या शेवरले कॅमॅरो गाडीत ४०० घन इंचांहून मोठे इंजिन बसवता येत नसे. तथापि मोठ्या खरेदीदारांच्या विशेष मागण्यांसाठी असलेल्या ‘कोपो’ या अंतर्गत पद्धतीचा आधार घेऊन इलिनॉयमधील एका विक्रेत्याने ॲल्युमिनियमचे ४२७ घन इंचांचे इंजिन असलेल्या ५० कॅमॅरो मागवल्या. ‘झेडएल-१’ या नावाच्या या गाडीची किंमत केवळ इंजिनामुळे सात हजार डॉलरच्या पुढे गेल्याने त्यांतील बऱ्याच विकल्याच गेल्या नाहीत आणि त्या इतर विक्रेत्यांकडे पाठवाव्या लागल्या. १९६९ मध्ये अशा एकूण ६९ गाड्याच बनल्या.

‘नॅस्कार’ या शर्यतसंस्थेच्या नियमांतून जन्मलेल्या गाड्यांचीही अशीच गत झाली. शर्यतीत उतरवायची गाडी किंवा इंजिन सामान्य ग्राहकालाही ठरावीक संख्येत विकले गेले पाहिजे, अशी संस्थेची अट होती व तिच्या पूर्ततेला ‘होमोलोगेशन’ म्हणतात. १९६९ मध्ये ही संख्या ५०० होती, म्हणूनच त्या वर्षीची डॉज चार्जर डेटोना ५०० हून जेमतेम अधिक बनली. पुढच्या वर्षी अट कडक झाल्याने प्लिमथ सुपरबर्ड सुमारे १,९०० बनवाव्या लागल्या. परंतु तिचे टोकदार नाक आणि उंच मागचा पंख ग्राहकांना इतके विचित्र वाटले की काही विक्रेत्यांनी ते काढून टाकून गाडी साध्या रूपात विकली. नियमाने येथे किमान मर्यादा घातली होती, कमाल नव्हे.

गैरसमज : १९७३ च्या तेलसंकटाने मसल कारचा अंत केला.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलबंदी लागू झाली तेव्हा हे पर्व जवळजवळ संपलेले होते. तरुण चालकांना अशा गाड्यांसाठी विम्याचा भरमसाट हप्ता भरावा लागू लागला होता. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर कडक मर्यादा येऊ घातल्या होत्या आणि कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासूनच इंजिनांचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबले जाते त्याचे प्रमाण, कमी केले होते. हेमी इंजिनही १९७१ नंतर बंद झाले. अखेरच्या वर्षांतील ताकदवान गाड्या कमी आढळतात, त्यामागे मुख्यत्वे ही कारणे आहेत.

गैरसमज : संख्या कमी असली की गाडी मौल्यवान, आणि अस्सल गाडी पाहताच ओळखू येते.

वस्तुस्थिती : एखादा रंग आणि एखादे आसन यांची जुळणी जगात एकाच गाडीत असू शकते, पण तिला मागणी नसेल तर त्या एकमेवपणाला बाजारात मोल नाही. शिवाय साध्या गाडीत मोठे इंजिन घालून तिला दुर्मीळ रूप देणे शक्य असल्याने कागदोपत्री पुरावा निर्णायक ठरतो. प्लिमथ आणि डॉज यांची मूळ कंपनी असलेल्या क्रायस्लरच्या त्या काळातील गाड्यांच्या ओळख क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिन दर्शवते व १९७० आणि १९७१ च्या हेमीसाठी ते ‘आर’ असते. शेवरलेच्या तत्कालीन क्रमांकातून मात्र नेमके इंजिन कळत नाही. म्हणूनच जोडणीच्या रांगेत कामगारांना सूचना देणारा छापील कागद, जो काम झाल्यावर अनेकदा आसनाच्या स्प्रिंगांमध्ये तसाच राहून जाई, आज अत्यंत मोलाचा मानला जातो. ज्या ग्राहकांनी नाकारल्यामुळे ती गाडी दुर्मीळ झाली, त्यांच्याइतकेच, तो कागद तेथेच विसरणाऱ्या अनाम कामगाराचेही तिच्या आजच्या मोलावर ऋण आहे.