उष्णतेशीं शर्यत

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांत एकाच दिवशीं दोन निरनिराळे उन्हाळे अनुभवास येतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारें ६५० मीटर उंचीवर वसलेलें बुलढाणा शहर विदर्भांतील इतर गांवांच्या मानानें थंड. परंतु तेथून मोटारीनें राजूर घाट उतरून मलकापूरच्या बाजूस निघालें कीं वळणागणिक वारा तापत जातो. आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव या पट्ट्यांत मे महिन्याच्या दुपारीं पारा ४४ अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाऊन पोंचतो. अशा वेळीं मोटारीच्या कांचा खालीं केल्या तर गारवा वाटण्याऐवजीं तोंडावर भट्टीची झळ येते. वाऱ्यानें थंड वाटतें ही रोजची समजूत येथें खोटी ठरते. ती कां खोटी ठरते हें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे तासाला ३०० किलोमीटर वेगानें मोटार हांकणारा शर्यतीचा चालक उष्णतेपासून आपला जीव कसा सांभाळतो, हेंही समजूं लागतें.

मनुष्याचें शरीर हेंही एक प्रकारचें इंजिनच आहे. अन्नांतून मिळणाऱ्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा स्नायूंच्या कामीं लागतो. बाकीच्या शक्तीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकून आंतील उष्णतामान ३७ अंशांच्या जवळ ठेवणें, हें शरीराचें अहोरात्र चाललेलें काम होय. त्यासाठीं त्यास चार वाटा मोकळ्या आहेत. थंड वस्तूचा स्पर्श, अंगावरून वाहणारी हवा, त्वचेवरून चहूंकडे होणारें उष्णतेचें प्रसरण, आणि घाम वाळणें. यांपैकीं पहिल्या तीन वाटा भोंवतालचें जग त्वचेपेक्षां थंड असेल तरच उपयोगीं पडतात. त्वचेचें उष्णतामान साधारणतः ३५ अंशांच्या आगेंमागें असतें. हवा त्याहून अधिक तापली कीं त्या वाटांनीं उष्णता बाहेर जाण्याऐवजीं उलट आंत शिरूं लागते. मलकापूरच्या दुपारीं चालत्या मोटारींत झळ लागते ती यामुळेंच. डोक्याला व कानांना रुमाल किंवा दुपट्टा गुंडाळून बाहेर पडण्याची वऱ्हाडांतील रीत शास्त्राला धरून आहे. तें कापड बाहेरची उष्णता आंत येऊं देत नाहीं.

मग उरते ती चौथी वाट, घामाची. ही वाट मात्र फार समर्थ आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पुरता वाळला तर तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेनें जवळजवळ पावणेसहा लिटर बर्फासारखें थंड पाणी उकळीस आणतां येईल. परंतु यांत एक अट आहे. घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो वाळला पाहिजे. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीरांतील पाणी आणि मीठ नेतो. उष्णता फारशी नेत नाहीं.

घाम वाळणें हें हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतें. याचा पुरावा प्रत्येक घरांत आहे. खामगांवच्या मे महिन्यांत मातीच्या माठांतलें पाणी सुरेख गार होतें. खिडकीला लावलेला वाळ्याचा ओला पडदा आणि पाण्याचा कूलर खोली सुखावह करतात. तोच माठ आणि तोच कूलर मुंबईस नेला तर कूलर खोलींत केवळ दमटपणा वाढवितो आणि माठांतलें पाणी जेमतेम थंड होतें. मुंबईचा पारा खामगांवच्या पाऱ्याहून पुष्कळ खालीं असतो, तरीही हें असें घडतें. म्हणून उन्हाळा किती कडक आहे हें एकट्या पाऱ्यावरून सांगतां येत नाहीं. पाऱ्याबरोबर हवेंतील बाष्पही मोजावें लागतें.

आतां शर्यतीच्या चालकाकडे वळूं पाहतां त्याची अडचण चटकन् ध्यानांत येते. अपघातांत आग लागली तर तिच्यापासून बचाव व्हावा म्हणून त्यास अग्निरोधक कापडाचा अनेकपदरी पोषाख, आंत तशाच कापडाचीं लांब वस्त्रें, हातमोजे, तोंडावर बुरखा आणि वर शिरस्त्राण घालावें लागतें. जो पोषाख बाहेरची आग आंत येऊं देत नाहीं, तो आंतील उष्णताही बाहेर जाऊं देत नाहीं. घाम येतो, पण पोषाखांतली हवा कांहीं मिनिटांतच ओलसर होऊन जाते. शर्यतीचें मैदान वाळवंटांत असो वा समुद्रकांठीं, चालकाच्या पोषाखाच्या आंत नेहमीं मुंबईचीच हवा असते. त्यांत पाठीमागें इंजिन पेटलेलें आणि भोंवतीं यंत्रें तापलेलीं, त्यामुळें बसण्याच्या जागेंतील उष्णतामान ५० अंशांवर जाऊं शकतें. हा मनुष्य स्वस्थ बसलेला आहे असेंही समजूं नये. प्रत्येक वळणावर त्याच्या मानेवर डोक्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, ब्रेक दाबतांना पायास १०० किलोहून अधिक जोर लावावा लागतो, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १६० च्या पुढें राहतात. एका उष्ण शर्यतींत दोन ते तीन किलो वजनाचें पाणी घामावाटे निघून जातें. वजनाच्या शेंकडा दोन इतकें पाणी कमी झालें तरी अवधान मंदावूं लागतें; आणि तेथें क्षणाचा शतांशही मोलाचा असतो.

हा झगडा जुना आहे. १९५५ सालच्या जानेवारींत अर्जेंटिनांतील ब्युनॉस आयर्स येथें भर उन्हाळ्यांत शर्यत झाली. त्या काळीं थकलेल्या चालकाची गाडी दुसऱ्यास हांकण्याची मुभा होती, आणि बहुतेकांनीं तिचा आश्रय केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या गाड्या तर प्रत्येकीं तीन तीन चालकांनीं मिळून शेवटास नेल्या. त्याच देशाचा ४३ वर्षांचा हुआन मान्युएल फान्जिओ मात्र तीन तास एकट्यानें गाडी हांकून पहिला आला. पुढें १९८४ सालीं अमेरिकेंत डॅलस येथें उन्हानें शर्यतीचा रस्ताच उखडला. ब्रिटिश चालक नायजेल मॅन्सेल याची गाडी शेवटच्या रेषेजवळ बंद पडली. ती ढकलीत नेण्याच्या प्रयत्नांत तो भोंवळ येऊन रस्त्यावर कोसळला.

परंतु सर्वांत बोलकें उदाहरण अलीकडचें आहे. ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं कतारमधील शर्यत रात्रीं झाली. सूर्य नव्हता, आणि पारा ३१-३२ अंशांच्या जवळपास होता; खामगांवकरांनीं ज्या रात्रीला सुखाची म्हटलें असतें अशी ती रात्र. पण हवा अतिशय दमट होती. त्यांतच टायरांच्या सुरक्षिततेसाठीं ते वारंवार बदलण्याचा नियम लागू केल्यामुळें चालकांना प्रत्येक फेरी पूर्ण वेगानें मारावी लागली. एस्तेबान ओकॉन यास शिरस्त्राणांतच उलटी झाली. लोगन सार्जंट यानें गाडी अर्ध्यावर थांबविली. अॅलेक्स आल्बन यास वैद्यकीय उपचार घ्यावे लागले, आणि लान्स स्ट्रोल यानें शेवटच्या फेऱ्यांत शुद्ध हरपत असल्यासारखें वाटल्याचें सांगितलें. शुद्ध हरपणें हें घरांत घडलें तर माणूस जमिनीवर पडतो. ३०० किलोमीटर वेगाच्या गाडींत घडलें तर तो एकटाच पडत नाहीं.

या शर्यतीनंतर जागतिक मोटार-संघटनेनें नियम केला. २०२५ सालापासून शर्यतीच्या वेळचा उष्मा-निर्देशांक ३१ अंशांहून अधिक राहील असा अंदाज असल्यास उष्णतेचा धोका जाहीर होतो, आणि प्रत्येक गाडींत चालकास थंड ठेवणारें यंत्र बसवावें लागतें. येथें पारा न धरतां उष्मा-निर्देशांक, म्हणजे पारा आणि बाष्प यांचा एकत्र हिशेब, धरला आहे हें विशेष. माठानें आणि कूलरनें घरोघरीं शिकविलेला धडाच नियमाच्या रूपानें आला. ऑक्टोबर २०२५ मध्यें सिंगापूरच्या शर्यतीस हा धोका पहिल्यानें जाहीर करण्यांत आला.

तें यंत्र समजण्यास सोपें आहे. चालकाच्या आंतील बंडींत बारीक नळ्यांचें जाळें शिवलेलें असतें. लहानशा पंपानें त्यांतून थंड द्रव फिरविला जातो. तो अंगाची उष्णता उचलतो आणि गाडींतील थंडाव्याच्या पेटीकडे नेऊन टाकतो. म्हणजे घामाची चौथी वाट बंद पडली तर पहिली वाट, थंड वस्तूच्या स्पर्शाची, कृत्रिमपणें उघडावयाची. अमेरिकेंतील बंद छताच्या गाड्यांच्या शर्यतींत बर्फाच्या पेटीवर चालणाऱ्या अशा बंड्या आणि शिरस्त्राणांत थंड हवा सोडणारे पंखे पूर्वींपासून वापरांत आहेत. तरीही सर्व चालकांनीं या बंडीचें स्वागत केलें नाहीं. नळ्या अंगाला रुततात, आणि यंत्र मध्येंच बंद पडलें तर आंतील द्रव तापून थंडाव्याऐवजीं उष्णताच मिळते, असें कित्येकांचें गाऱ्हाणें होतें. म्हणून २०२५ सालीं बंडी घालणें ऐच्छिक ठेवलें. मात्र जो ती घालणार नाहीं त्याच्या गाडींत तेवढें वजन टाकून द्यावें, असें ठरलें. नाहींतर अंगावरचें अर्धा किलो ओझें वांचविण्याच्या मोहानें माणूस जीव धोक्यांत घालण्यास तयार होतो, हें नियम करणाऱ्यांनीं ओळखलें होतें. मोटारीच्या इंजिनास थंड ठेवण्याची सोय मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे. तींतील माणसासाठीं असा नियम होण्यास इतकीं वर्षें लागलीं.

यंत्रापेक्षांही मोठा आधार शरीराच्या अभ्यासाचा आहे. उष्ण हवेंत रोज तासभर व्यायाम केला तर एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलतें. रक्तांतील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर व अधिक येतो, आणि त्यांतून मीठ कमी जातें. शर्यतीपूर्वीं चालक बर्फाची बंडी घालून बसतात, बर्फाचा चुरा घातलेलें पेय घेतात, आणि शर्यतींत नळीनें मीठ-साखरेचें पाणी पितात. तें पाणी मात्र थोड्याच वेळांत चहासारखें कढत होतें. जिरें आणि मीठ घातलेलें ताक किंवा कैरीचें पन्हें यांचें कार्य याहून निराळें नाहीं.

उष्णतेशीं शर्यत केवळ माणूसच खेळतो असें नाहीं. बैलांच्या शर्यतीस विदर्भांत शंकरपट म्हणतात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या होत्या. महाराष्ट्रानें कायदा बदलल्यावर १८ मे २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें तो कायदा वैध ठरविला. आपल्याकडील वशिंडाच्या बैलास सैल कातडी, लोंबती पोळी आणि घामाच्या पुष्कळ ग्रंथी असल्यानें तो विलायती जनावरापेक्षां ऊन चांगलें सोसतो. पण सोसण्यास सीमा आहे. चालक गाडी थांबवूं शकतो, निदान तक्रार करूं शकतो. बैलास तेंही साध्य नाहीं. त्याची धांप, गळणारी लाळ आणि बाहेर आलेली जीभ वाचणें हें मालकाचें कर्तव्य ठरतें.

सामान्य कुटुंबास शर्यतीच्या मैदानावर जावयाचें नसलें तरी रस्त्यावर जावेंच लागतें. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग याच जिल्ह्यांतील मेहकर आणि सिंदखेडराजा या भागांतून जातो. सरळ रस्ता, तापलेलें काँक्रीट आणि ताशीं १२० किलोमीटरची मुभा, अशा स्थितींत थंड यंत्र नसलेल्या गाडीच्या चालकानें दर दोन तासांनीं सांवलींत थांबावें, तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावें, आणि टायरांतील हवा निघण्यापूर्वींच, टायर थंड असतांना तपासावी. हवा कोरडी असल्यामुळें मानेवर ठेवलेला ओला पंचा तेथें खरोखर गुण देतो. उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडींत मूल क्षणभरही ठेवूं नये. अर्ध्या तासांत आंतील हवा बाहेरच्याहून पंधरा-वीस अंशांनीं अधिक तापते. आणि कोणाचें बोलणें उन्हांत असंबद्ध होऊं लागलें, अंग कढत लागलें, तर तो उष्माघात समजून त्यास सांवलींत निजवावें, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, कांखेंत व मानेशीं बर्फ ठेवावा, शुद्ध नसल्यास तोंडांत कांहीं घालूं नये, आणि दवाखान्याची व्यवस्था करावी. प्रथम थंड करावें आणि मग न्यावें, हा क्रम चुकूं नये. कारण येथें प्रत्येक मिनिटाचा हिशेब शर्यतींतल्यासारखाच असतो.