काळ, जागा आणि सोबत

रात्रीची जेवणे आटोपली होती. दस्तरखान उचलता उचलता आमची 17 वर्षांची लेक म्हणाली, "अब्बा, मला एकदा तरी समोर बसून गाणं ऐकायचंय. फोनवर नाही, समोर." एवढेच बोलून ती ताटे घेऊन आत गेली. घरात मात्र कुणी काही बोलेना. दादींनी तस्बीह हातात घेतली. पुतण्या खाली मान घालून बसला. कारण तिच्या या साध्या मागणीमागे त्याच्या एका रात्रीची गोष्ट होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

पुतण्या आमच्याकडेच राहून शिकतो. वय 19. गाण्याचा वेडा. मुंबईच्या बाजूला एका मोठ्या मैदानात त्याच्या आवडत्या गायकाचा कार्यक्रम होता. विचारले तर घरातून नकार येणार हे त्याने गृहीत धरले आणि "मित्राकडे अभ्यासाला जातो" असे सांगून तो पुण्याहून बसने निघून गेला. साठवलेल्या ईदीतून तिकीट काढले होते. मैदानात तो स्पीकरच्या भिंतीपासून दहा-बारा हातांवर उभा राहिला. पुढे जागा मिळाली याचाच त्याला आनंद. कार्यक्रम संपल्यावर हजारो माणसे एकदम बाहेर पडली. फोनची बॅटरी संपलेली, रिक्षा मिळेना, सोबतचा मित्र गर्दीत हरवलेला. फजरच्या अजानच्या सुमारास तो घरी पोहोचला आणि मित्राकडून आल्यासारखा गुपचूप झोपला.

त्या रात्रीपासून त्याच्या उजव्या कानात बारीक शिटी वाजत होती. सांगितले तर सगळेच उघड होईल, म्हणून तो आठ दिवस गप्प राहिला. नवव्या दिवशी चाचीने दोनदा हाक मारूनही त्याला ऐकू आली नाही, तेव्हा तो रडला आणि सगळे सांगितले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून पहिलाच प्रश्न केला, "त्याच दिवशी का नाही आलात?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापेक्षा आम्हालाच अधिक द्यावे लागणार होते. मूल घरात खोटे बोलले ही त्याची चूक, यात शंका नाही. पण रात्री दोन वाजता, अनोळखी गावात, फोन मागून घेऊन "चाचा, मी अडकलोय" म्हणण्याची हिंमत त्याला झाली नाही, ही चूक कुणाची?

म्हणून लेकीने विचारले तेव्हा आम्ही दोघांनी लगेच "नाही" म्हटले नाही. आमच्या मोहल्ल्यातील एका बुजुर्ग मौलानांचा सल्ला घ्यायला गेलो. ते म्हणाले, "संगीताबाबत उलेमांमध्ये जुने मतभेद आहेत. मी स्वतः ऐकत नाही आणि तुम्हाला जा असेही म्हणणार नाही. पण जे ऐकत होते त्यांनीही काही अदब ठरवला होता, तेवढा सांगतो." मग त्यांनी इमाम गझाली यांच्या 'इह्या उलूमुद्दीन'चा हवाला दिला. त्यात हजरत जुनैद बगदादी यांचे म्हणणे आहे की समासाठी तीन गोष्टी पाहाव्यात: काळ, जागा आणि सोबत. नमाजची किंवा कामाची वेळ असेल, जागा योग्य नसेल किंवा सोबतची माणसे बरोबर नसतील, तर ऐकणे टाळावे.

आम्ही तिथून निघालो ते या तीन शब्दांवर विचार करतच. पुतण्याच्या त्या रात्री या तिन्ही गोष्टी बिघडल्या होत्या. ज्या घरांत संगीत वर्ज्य आहे, त्यांच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे. पण आमच्या घरात गाणे फोनमधून आधीच आलेले होते. मुलगी ते आमच्यासोबत ऐकणार की आमच्यापासून लपून, एवढाच प्रश्न उरला होता.

सुरुवात मिरजेपासून केली. आमचे मूळ गाव तिकडचेच, त्यामुळे दादींनाही विरोध करता येईना. हजरत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या निमित्ताने संगीत सभा भरते ती उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तरेतील कैराना गावचा. किराना घराण्याचे नाव त्या गावावरूनच पडले. पण त्यांचे घर झाले ते मिरजेत. 1937 साली दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले. याच उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे, हेही आम्ही लेकीला दाखवले. इथे कोण कुणाचा, असा प्रश्न फार जुन्या काळापासून कुणी विचारलेला नाही.

सभेच्या आधी तिला सतारी घडवणाऱ्यांच्या गल्लीत नेले. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले, तेव्हा तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूरच्या बाजूने येणारे मोठे भोपळे दुकानांत टांगलेले होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एका कारागिराने तंबोरा जुळवताना तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवला आणि आवाज एकदम खुलला. लेकीने विचारले, "एवढ्याशा दोऱ्याने?" ते म्हणाले, "बेटी, याला जवारी म्हणतात. कान लावशील तर कळेल. मोठ्याने वाजवून कळत नाही."

रात्री दर्ग्याच्या आवारात आम्ही सतरंजीवर बसलो. डाव्या हाताला एक शेतकरी कुटुंब, उजव्या हाताला कानात बाळी घातलेले एक आजोबा. पहिला अर्धा तास लेकीची चुळबुळ चालली होती. फोन काढायची, ठेवायची. गायक एकाच सुराभोवती फिरत होते. मग केव्हातरी तिचा फोन पिशवीत गेला तो तिथेच राहिला. परत येताना ती म्हणाली, "अम्मी, मला वाटलं गाणं सुरूच होत नाहीये. नंतर कळलं, ते सुरूच होतं, मीच पोहोचले नव्हते." दादी गाडीत झोपल्या आहेत असे आम्हाला वाटत होते. त्यांनी डोळे न उघडताच म्हटले, "तुझे परनाना चालत यायचे या सभेला. मला कधी आणलं नाही. मुलगी होते ना." बारा किलोमीटरच्या त्या रस्त्यात मग कुणीच बोलले नाही.

दादींच्या त्या वाक्यानंतर आम्ही लेकीला हिराबाई बडोदेकरांविषयी सांगितले. त्या खाँसाहेबांच्याच कन्या. जन्म 1905 चा, मिरजेतलाच. स्त्रीने सभ्य रंगमंचावर बसून, तिकीट लावून, जाणत्या श्रोत्यांसमोर गावे ही वाट ज्यांनी महाराष्ट्रात पाडली, त्यांत हिराबाईंचे नाव पहिल्या रांगेत आहे. आज कुणाचीही मुलगी मैफलीत निर्धास्त बसते, ती सोय आपोआप झालेली नाही.

त्यानंतर डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आला. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, खाँसाहेबांचे शिष्य. 1952 साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. भीमसेनजींची गोष्ट लेकीला फार आवडली आणि आम्हाला थोडी टोचली. 1922 साली जन्मलेला हा मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून असा भारावला की 1933 साली, वयाच्या 11 व्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघून गेला. गाण्याची ओढ लागलेले मूल दाराला कडी लावून थांबत नाही, हे नव्वद वर्षांपूर्वीही तितकेच खरे होते.

या महोत्सवात तीन शब्दांपैकी 'काळ' हा शब्द आम्हाला नीट कळला. पूर्वी इथे रात्र रात्र गाणे चाले. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आल्यावर रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. वर्षातील काही मोजक्याच दिवशी सरकार 12 पर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे आता दुपारीच सत्र सुरू होते. डिसेंबरात पुण्यात मगरिब सहाच्या आसपास. आम्ही आधीच जवळच्या नातेवाइकांच्या घरी सांगून ठेवले होते. मगरिबसाठी उठलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारले, "मध्येच निघालात?" लेकीने सांगितले, "नमाज पढून येतो." काकूंनी आमच्या बैठकीवर आपली शाल पसरून जागा धरून ठेवली. परतलो तेव्हा त्यांनी डब्यातला तिळाचा लाडूही पुढे केला.

पण खरी परीक्षा पुढे होती. लेकीला पुतण्याला आवडतो तसलाच मोठ्या मैदानातला कार्यक्रम पाहायचा होता. शास्त्रीय गाणे ऐकले म्हणून तिची दुसरी आवड संपली नव्हती, आणि ती संपावी अशी आमची अपेक्षाही नव्हती. या वेळी आम्ही आधी डॉक्टरांकडून कानाचे गणित समजून घेतले.

ते गणित असे. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास राहिले तर कानाला धोका सुरू होतो. आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सुचवलेली मर्यादाही पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलची आहे. श्रोत्यांसाठी कानाचे बोळे आणि विश्रांतीला शांत जागा असावी, असेही त्यात म्हटले आहे. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कान भणभणणे हा गमतीचा भाग नव्हे, ती कानाची तक्रार आहे. एक-दोन दिवसांत ती थांबली नाही किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

आम्ही चौघे गेलो. आम्ही दोघे, लेक आणि पुतण्या. तिकिटे स्पीकरपासून लांबची काढली. औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे घेतले. बोळा चिमटीत पिळून बारीक करायचा, कान जरा वर ओढून आत सरकवायचा आणि फुलेपर्यंत धरून ठेवायचा. त्याने गाणे बंद होत नाही, फक्त बोचरेपण जाते. चुकामूक झाली तर भेटायची जागा दिवसाउजेडी ठरवली. घरचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवला. आत शिरताच बाहेर पडायचे दोन रस्ते पाहून घेतले. गर्दीची लाट आली तर उलट रेटायचे नाही, हात छातीपुढे धरून तिरके तिरके कडेला सरकायचे, हेही मुलांना सांगून ठेवले.

गाणी सुरू झाली आणि लेक सगळे विसरली. तिला शब्द न शब्द पाठ होता. हजारो अनोळखी मुलेमुली एका सुरात गात होती. खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्याही अंगावर काटा आला. तिला यात काय मिळते, ते आम्हाला तिथे उभे राहिल्यावरच कळले.

शेवटचे गाणे सुरू होण्याआधी आम्ही निघायला सांगितले. ठरलेच होते तसे. लेकीचे डोळे भरून आले. "तेच तर ऐकायला आले होते," ती म्हणाली आणि पनवेल येईपर्यंत बोलली नाही. आमचे बरोबर होते की चूक, यावर घरात आजही वाद आहे. पुढच्या वेळी शेवटपर्यंत थांबायचे आणि गर्दी ओसरेपर्यंत जागेवरच बसून राहायचे, अशी तडजोड तिने आमच्याकडून कबूल करून घेतली आहे.

आणि पुतण्या? तो त्या रात्री सगळ्यात मागे, कानात बोळे घालून उभा होता. त्याचे ऐकणे बरेच सुधारले आहे, पण शिटी गेलेली नाही. दिवसा जाणवत नाही. रात्री घर शांत झाले की वाजू लागते, म्हणून तो थंडीतही पंखा लावून झोपतो.

परत येताना घाटात तो अचानक म्हणाला, "चाचा, त्या रात्री मी एका चहावाल्याचा फोन मागून घेतला होता. तुमचा नंबरही लावला. एकदा रिंग वाजली आणि मीच कापला."

आम्ही घरी येऊन जुन्या कॉल्सची यादी काढली. रात्रीचे 1 वाजून 52 मिनिटे, अनोळखी नंबर, एक मिस्ड कॉल. आम्ही तो तेव्हा पाहिलाही होता आणि चुकीचा नंबर असेल म्हणून सोडून दिला होता.

आता आमच्या घरात एक नियम आहे आणि तो मुलांसाठी नाही, आमच्यासाठी आहे. मूल कुठूनही, कोणत्याही वेळी फोन करो, पहिला प्रश्न "कुठे गेला होतास?" हा नाही. पहिला प्रश्न "कुठे आहेस? येतो आम्ही," हा आहे. बाकीचे दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर.