सर परगावचे, शहर आपलं

लातूरच्या उद्योग भवन परिसरात, म्हणजे ट्युशन एरियात, रविवारीही सुट्टी नसते. सकाळी सराव परीक्षा होतात. पोरं पेपर टाकून मेसकडे पळतात आणि मग कुठे फिजिक्सचे, केमिस्ट्रीचे सर मोकळे होतात. यांतले कितीतरी जण इथले नाहीत. कुणी आंध्र-तेलंगणातून आलंय, कुणी बिहार-उत्तर प्रदेशातून, कुणी आधी राजस्थानातल्या कोट्यात शिकवलंय. नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात गेलात तरी हेच. बाहेरगावाहून इथं शिकायला येणाऱ्या मुलांच्या बातम्या दरवर्षी निकालानंतर छापून येतात. शिकवायला आलेल्या माणसांविषयी मात्र कुणी काही लिहीत नाही.

ही माणसं आली कशी, ते परीक्षांच्या इतिहासात सापडतं. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी लातूर पॅटर्न उभा केला, तेव्हा कस बारावी बोर्डाचा होता. शिकवणारेही बहुतेक याच मातीतले होते. जादा तास, नोट्स, पुन्हापुन्हा चाचण्या हे त्यांचं तंत्र. 2013 मध्ये नीट पहिल्यांदा झाली, मग तिच्यावर कोर्टकज्जे झाले, आणि 2017 पासून मेडिकलला जायला दुसरी वाट जवळपास उरलीच नाही. देशभर एकच पेपर आल्यावर त्या पेपराचा अनुभव असलेल्या शिक्षकांना मागणी आली. शिकवणीवाल्यांनी त्यांना जिथून मिळतील तिथून आणलं.

यात मला वावगं काही दिसत नाही. मराठवाड्याला परगावच्या मास्तरांनी घडवलंय. आज कर्नाटकात असलेल्या सिंदगीत 1903 साली जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होऊन आले, पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. हेच स्वामी रामानंद तीर्थ. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून असताना या शाळांनी मराठी मुलांना बळ दिलं, आणि त्यांच्याच एका मास्तरानं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. नांदेडचं पीपल्स कॉलेज 1950 साली निघालं तेही त्यांच्याच पुढाकारानं, आणि 1994 साली स्थापन झालेल्या इथल्या विद्यापीठाला नावही त्यांचंच आहे.

आजच्या सरांचा दिवस मात्र खोली, वर्ग आणि मेस यांतच संपतो. वर्गात निम्मी हिंदी, निम्मी इंग्रजी चालते. पोरं त्यांना पूर्ण नावानं हाक मारत नाहीत. आद्याक्षरांपुढे ‘सर’ लावलं की झालं. भाताची सवय असलेल्याला ज्वारीची भाकरी सुरुवातीला जड जाते. शेंगदाण्याची चटणी आणि वर तेल मिळालं की हळूहळू जमते. निलंगा राईस मात्र पहिल्याच दिवशी आवडतो. भाडेकरूला इथं पाण्याची शिस्तही शिकावी लागते. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, हे देशभर माहीत आहे. पण नळ कधी येणार हे विचारून ठेवायचं आणि भांडी भरून ठेवायची, ही सवय शेजारच्या मावशीच लावतात.

बघण्यासारखं इथं आहे काय, असं हे सर विचारतात, आणि वाईट याचं वाटतं की ‘काही नाही’ असं उत्तर आपणच देतो. गंजगोलाईत एकदा सकाळी जाऊन बघा. मधोमध अंबाबाईचं मंदिर, भोवती 1917 साली बांधलेली गोल दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनंनाणं, दुसऱ्याला चपला, पुढं मिरची, गूळ. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला हा चौक भूमितीच्या मास्तरानं तरी पाहायलाच हवा. अर्धा दिवस हाताशी असेल तर औशाचा किल्ला आणि त्यापुढे खरोशाची लेणी. पूर्ण दिवस मिळाला तर उदगीर. 1760 च्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच नमवलं आणि वर्षभरात ते पानिपतावर होते. पानिपत उत्तरेकडच्या सरांना ठाऊक असतं, उदगीर नसतं.

नांदेडला आलेल्याचं थोडं बरं असतं. गुरू गोविंदसिंहजींनी 1708 मध्ये जिथं देह ठेवला, तिथं महाराजा रणजितसिंहांनी बांधवलेला सचखंड गुरुद्वारा आहे. लंगरमध्ये कुणीही पंगतीला बसावं. पंजाबातून आलेला मास्तर पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या दखनी शिखांची अस्सल मराठी ऐकून थक्क होतो. तेलुगू मास्तरांना धर्माबादजवळचं बासर सोयीचं. सरस्वतीच्या त्या देवळात लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला बसवतात. देगलूरकडे होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत. तिथं कोरीव खांबांपाशी गर्दीशिवाय, निवांत उभं राहता येतं.

पण लातूर खरं कळतं ते वेळा अमावस्येला, मार्गशीर्षात. जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. दहा वाजले की दुकानं बंद, रस्ते ओस. अख्खं शहर शेतात गेलेलं असतं. नवख्या मास्तराला संप झालाय की काय, असं वाटतं. तिकडे शिवारात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली असते. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की पंगत बसते. हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, जे शिवारात हाती लागेल ते घालून बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या भांड्यातलं गार आंबील. वाढणारी बाई ‘पुरे’ हा शब्द ऐकतच नाही. जेवून झाडाखाली आडवं व्हायचं, पोरांनी झोके घ्यायचे. दिवस मावळला की मशालीसारखा हेंडगा पेटवून शेताला फेरी. आपलं शेत नसलं तरी चालतं. ज्याला शेत नाही, त्याला दुसऱ्यानं बोलवायचं, हीच रीत आहे. ज्या परक्याला हे आमंत्रण मिळत नाही, त्याचा तो दिवस बंद मेसच्या दारात, बिस्किटांवर जातो.

परक्या मास्तराला रुळवायचं कसं, याचं उदाहरण दक्षिण कोरियात आहे. तिथंही खासगी शिकवण्यांचं वेड आपल्यासारखंच. तिथल्या सरकारनं 1995 पासून इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक बोलावले. त्यांना राहायला घर किंवा घरभाडं मिळतं, आणि वर्गात पाऊल टाकण्याआधी तिथली भाषा आणि रीतीभाती यांची ओळख करून देणारं शिबिर होतं. आपल्या संस्थांना असं दोन दिवसांचं शिबिर घेणं अवघड नाही. कामचलाऊ मराठी, नळाच्या वेळा, दवाखान्यांची माहिती आणि गंजगोलाईची एक फेरी. खर्च काहीच नाही.

तोवर पालकांना एक विनंती. तुमच्या लेकराला अणू-रेणू शिकवणारे सर कुठल्या गावचे आहेत, त्यांच्या घरी कोण-कोण आहे, हे एकदा विचारा. आणि येत्या वेळा अमावस्येला त्यांना सहकुटुंब शेतावर घेऊन जा.