विस्मरणाचा माग घेणारे चित्र

चेंबूरला लागून असलेल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा आणि स्मृतिभ्रंशाच्या निदानाचा संबंध सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. याच केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर सुरू झाले.

स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात मेंदूतल्या स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसत जातो. एमआरआयमध्ये ते दिसते, पण तोवर बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. पेट स्कॅन पेशींचे कामकाज दाखवतो. त्यासाठी फ्लोरिन-18 जोडलेली साखर शिरेतून टोचतात आणि रुग्णाला मंद उजेडाच्या खोलीत अर्धा-पाऊण तास शांत पडून राहायला सांगतात. निरोगी मेंदू ही साखर भराभर शोषतो. अल्झायमरमध्ये कानशिलामागचा आणि त्याच्या वरचा भाग फिका पडतो. या फ्लोरिनची किरणोत्सारिता दर 110 मिनिटांनी निम्मी होते, म्हणून ते तयार करणारे सायक्लोट्रॉन शहरातच असणे मोलाचे. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचे थर थेट दाखवणारी द्रव्ये त्यानंतर आली. 2004 मधील ‘पिट्सबर्ग कंपाउंड बी’ त्यांतले पायाभूत.

मात्र निव्वळ चित्रावरून निदान करणे चुकीचेच. अमायलॉइड साठलेली कित्येक वृद्ध माणसे ठणठणीत असतात. उलट बी-12ची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. घरातले ज्येष्ठ वारंवार विसरू लागले, तर महागड्या स्कॅनआधी या कारणांच्या तपासण्या जरूर करून घ्याव्यात.